एरर एकोणीस

दसऱ्याच्या दिवशी ज्याला हळदकुंकू वाहून, झेंडूचं फूल ठेवून नमस्कार केला, त्यालाच चौथ्या दिवशी भंगारवाल्याच्या काट्यावर चढवायचं, हा व्यवहार आमच्याच घरात होऊ शकतो. दिवाळीची साफसफाई चालू होती. ही पोटमाळ्यावर, मी खाली स्टूल धरून आणि गॅलरीत भंगारवाला काटा घेऊन उभा.

‘अहो, तुमचा तो कॉम्प्युटर देऊन टाकते हो. दीडशे म्हणतोय.’

मी स्टूल सोडून धावलो. त्यानंतर पोटमाळ्यावरून जे ऐकू आलं ते ऐन सणाच्या तोंडावर छापण्यासारखं नाही. पण दीडशे रुपये! २००४ साली लेकीच्या दहावीचं निमित्त करून, पतपेढीचं कर्ज काढून, लॅमिंग्टन रोडवरून टॅक्सीत मांडीवर बसवून आणलेला पेंटियम फोर होता तो. (त्या रस्त्याचं डॉ. भडकमकर मार्ग होऊन जमाना लोटला, पण तिथल्या दुकानदारांनासुद्धा ते स्वतःच्या पावतीवर वाचल्याशिवाय आठवत नाही.) तेव्हा त्याला बघायला आमच्या गिरगावच्या चाळीतल्या तिन्ही मजल्यांवरून माणसं आली होती, नवी सून बघायला येतात तशी. आणि जाताना तसंच म्हणून गेली होती, ‘छान आहे, पण जागा फार खातो.’

‘तो चालू आहे,’ मी म्हणालो.

‘शेवटचा कधी चालू केला होतात?’

या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं, म्हणून मी ते दिलं नाही.

संध्याकाळी भाचा आला. हा ऐरोलीला कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करतो, म्हणजे नेमकं काय करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. त्याने मॉनिटरवरचं क्रोशाचं कव्हर दोन बोटांनी उचललं.

‘मामा, यावर काय आहे?’

‘धूळ.’

‘तसं नाही. सिस्टिम कुठली?’

‘एक्सपी.’

‘येत्या चौदा ऑक्टोबरला विंडोज टेनचा सपोर्ट संपतोय म्हणून आमच्या ऑफिसात रडारड चाललीय. तुमचं एक्सपी तर आठ एप्रिल २०१४ लाच गेलं.’

म्हणजे गेली अकरा वर्षं आम्ही दर दसऱ्याला एका दिवंगताला हळदकुंकू वाहत होतो. हिला हे ऐकून धक्का बसेल असं वाटलं होतं, पण ती म्हणाली, ‘मी तेच म्हणत होते.’

‘टाकू नका,’ भाचा म्हणाला. ‘युनिक्स टाकू यावर. फ्रीबीएसडी. अस्सल बर्कलीच्या घराण्यातलं. एकदम फुकट.’

गिरगावातला माणूस घराण्याला मान देतो, पण फुकटाला उठून जागा देतो. मी लगेच भाच्याला चहा सांगितला. त्याचं म्हणणं असं की करायचं तर आत्ताच. आमचं मशीन बत्तीस बिटी, आणि बत्तीसवाल्यांना आता कोणी दारात उभं करत नाही. डेबियनने ऑगस्टमध्येच त्यांचा इन्स्टॉलर बंद केला होता. फ्रीबीएसडीची पंधरावी आवृत्ती डिसेंबरात यायची होती, तीतही असल्या मशीनला जागा नव्हती. चौदावी ही आपली शेवटची कर्जत. ती चुकली की रात्रभर फलाटावर.

‘आणि मामा, युनिक्सचा जन्मच मुळी टाकाऊ मशीनवर झालाय. १९६९ सालची गोष्ट. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन नावाचा माणूस होता. कोपऱ्यात एक जुनं पीडीपी-सेव्हन पडलं होतं, कोणी फारसं वापरत नव्हतं. त्याची बायको तान्ह्या मुलाला घेऊन तीन आठवडे त्याच्या आईवडिलांकडे कॅलिफोर्नियाला गेली. तेवढ्यात ह्याने सगळं बसवलं.’

‘तीन आठवडे सासरी?’ स्वयंपाकघरातून आवाज आला. ‘आणि ह्याला एकट्याला घरी ठेवून? आमचं सासर इथंच आहे. आणि मी तीन दिवस माहेरी गेले होते तेव्हा तुमच्या मामाने फक्त कुकरची शिट्टी हरवली.’

भाच्याने विषय बदलायला लॅपटॉप काढला, आणि तिथे खरी अडचण झाली. त्याच्या झाकणावर एक लाल चित्र चिकटवलेलं. शिंगं, शेपूट, पायांत बूट, हातात त्रिशूळासारखं काहीतरी आणि चेहऱ्यावर खट्याळ हसू. फ्रीबीएसडीचा तो शुभंकर. युनिक्समध्ये पडद्याआड राहून गुपचूप कामं करणाऱ्या प्रोग्रामला डीमन म्हणतात, त्यावरून. हिने सणासुदीला असलं ध्यान घरात येऊ द्यायला साफ नकार दिला. शेवटी शेजारचे आप्पा मध्ये पडले. आप्पा पोस्टातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून पत्रिका बघतात, म्हणजे पत्ता शोधायची सवय सुटलेली नाही. त्यांनी चष्मा वर करून चित्र न्याहाळलं.

‘वहिनी, हा राक्षस नाही हो. दिसत नाही, झोपत नाही, घराभोवती फिरतो आणि काम करतो. हा आपला गावचा राखणदार. फक्त ह्याला राखण द्यावी लागते.’

मुळात कोकणातल्या माणसाला एवढं सांगणं पुरे. हिने मॉनिटरपाशी नारळ ठेवला. माझ्या फुकटच्या युनिक्सवर पहिले चाळीस रुपये पडले ते असे.

कॅबिनेटचं झाकण उघडलं. आत एकवीस वर्षांचं गिरगाव थरांनी बसलं होतं. वर मेट्रोच्या खोदकामाची करडी धूळ, खाली त्याआधीची काळी, पंख्याच्या पात्यांवर पापडाएवढ्या जाडीची. तळाशी वाळून कागद झालेले झेंडू, एकावर एक. दर दसऱ्याला वर ठेवलेलं फूल मागच्या जाळीतून आत पडायचं आणि आम्ही दरवर्षी म्हणायचो, उंदीर नेतो. फुलांमध्ये बेस्टचं एक तिकीट आणि लेकीचा हरवलेला कानातला डूल. हा डूल हरवला तेव्हा घरात ज्या बाईवर संशय घेतला होता, तिच्याबद्दल त्या दिवशी कोणी काही बोललं नाही.

बटण दाबलं. पंखा फिरला आणि मशीनने एक लांबलचक पीं सुरू केलं, ते थांबेचना. खालून कोणीतरी ओरडलं, ‘टेंपो कोण मागे घेतोय रे?’ दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी जाऊन गॅस बंद केला.

‘रॅम हलली असणार,’ भाचा म्हणाला. ‘मामा, खोडरबर आहे?’

‘काय खोडायचंय?’

काही खोडायचं नव्हतं. रॅमच्या पट्टीला खाली सोनेरी दात असतात, ते खोडरबराने घासायचे. मी नातवाच्या कंपासपेटीतून कॅम्लिनचा खोडरबर आणला आणि भाच्याने तो पट्टीवर असा चालवला जशी ही दिवाळीला चांदीची निरांजनं घासते. पट्टी परत बसवली. टक्‌ आवाज आला. पीं बंद. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेपासून निघालेलं ज्ञान गिरगावात येऊन चार रुपयांच्या खोडरबरावर टेकलं, याचा मला फार अभिमान वाटला.

पडद्यावर तारीख आली, १ जानेवारी २००२. आतली बॅटरी मेली होती. ती नाण्याएवढी सपाट असते, तिला सीआर २०३२ म्हणतात. वीस मिलिमीटर रुंद, तीन पूर्णांक दोन जाड, म्हणून २०३२. हे कळलं तेव्हा संगणकातली एक तरी गोष्ट मला मुळापासून कळल्यासारखं वाटलं, आणि घड्याळवाल्याकडे जाऊन मी त्यालाच ती समजावून सांगितली. तो म्हणाला, ‘काका, मी तीस वर्षं हेच विकतो. चाळीस द्या.’

आता सीडी. हे मशीन पेनड्राइव्हवरून सुरू व्हायला तयार नव्हतं, त्याला सीडीच लागत होती. २०२५ साली मुंबईत सीडी कुठे मिळते? माझ्या माहितीत एकच जागा होती, आमच्याच चाळीतली तिसऱ्या मजल्याची गॅलरी. तिथल्या काकूंनी कबुतरं येऊ नयेत म्हणून सुतळीला सीड्यांची माळ लावलीय. मी वर जाऊन एकेक वाचत गेलो. एका भाचीचं लग्न, भाग दोन. अष्टविनायक दर्शन. आणि त्यांच्या मधोमध, उन्हाने फिकी पडलेली, पीसी क्वेस्ट मासिकाबरोबर फुकट येणारी लिनक्सची सीडी! नव्वदच्या दशकात ते मासिक लिनक्स घरपोच देत होतं. म्हणजे ही क्रांती पंचवीस वर्षांपूर्वीच आमच्या चाळीत येऊन गेली होती. फक्त तिच्याशी संबंध आला तो कबुतरांचा.

कोरी सीडी मात्र नव्हती. मग लॅमिंग्टन रोड. गिरगावची भुयारी मेट्रो नुकतीच सुरू झाली होती, तेव्हा गिरगाव ते ग्रँट रोड हे एक स्टेशनाचं अंतर मी मेट्रोने गेलो. खाली उतरायचे आणि वर चढायचे सरकते जिने मोजले तर तेवढ्या वेळात चालत जाऊन परत येता आलं असतं. पण इतकी वर्षं ज्याच्यासाठी धूळ खाल्ली ते बघायला नको?

दुकानात काउंटरवर एक मुलगा होता.

‘कोरी सीडी आहे का?’

मुलाने मालकाकडे पाहिलं. मालकाने भिंतीवरच्या वडिलांच्या तसबिरीकडे पाहिलं. मग माळ्यावरून एक गोल डबी आली. ‘पन्नासची आहे. सुटी देत नाही. सहाशे.’

‘मला एकच पाहिजे.’

‘काका, ही घेतलीत तर उरलेल्या एकोणपन्नास तुमच्याकडे राहतील. नाही घेतलीत तर पन्नासच्या पन्नास माझ्याकडे राहतील. मला पण सुटू द्या.’

इतक्या सरळ माणसाशी घासाघीस कशी करणार? डबी घेतली. ठाकुरद्वारच्या झेरॉक्सवाल्याकडे अजून सीडी लिहायचं यंत्र होतं. त्याने विचारलं, ‘लग्नाची का?’ मी म्हणालो, ‘युनिक्सची.’ त्याने ते मुलीचं नाव असावं अशा समजुतीने मान डोलावली आणि डाउनलोड केलेली आख्खी फाइल जशीच्या तशी सीडीवर ठेवून दिली. म्हणजे डबा न उघडता डब्यासकट ताटात वाढला. मशीनने ती सीडी दोन वेळा फिरवून परत केली. दुसऱ्या दिवशी त्याला नीट समजावून दुसरी लिहून घेतली, तीस रुपये. ती सुरू झाली. पडद्यावर अक्षरं आली आणि लगेच थांबली. सीपीयू डझन्ट सपोर्ट लाँग मोड.

‘म्हणजे काय हो?’ हिने विचारलं.

‘लांब पल्ल्याचं झेपत नाही म्हणतोय.’

‘मग तुमचाच आहे.’

मी चौसष्ट बिटी आवृत्ती आणली होती. भाच्याने फोनवर चार वेळा बजावलं होतं, आय-थ्री-एट-सिक्स घ्या, आय-थ्री-एट-सिक्स. पण मी यादीत बघितलं तर वरचीच्या नावापुढे एएमडी-सिक्स्टीफोर लिहिलं होतं आणि मला वाटलं, आकडा लहान असला तरी अक्षरं जास्त आहेत, तर तीच चांगली. तिसऱ्या सीडीचे तीस देताना झेरॉक्सवाला म्हणाला, ‘काका, हळूहळू जमेल. माझ्या मुलीच्या वेळेला पण तीन स्थळं झाली होती.’

तिसरी चालली. आता ही सीडी छोटी. तिच्यात फक्त इन्स्टॉलर, बाकी सामान इंटरनेटवरून उतरवायचं. घरचं इंटरनेट मोबाइलवरचं. आप्पांकडे मात्र इंटरनेटचा डबा होता, चार खोल्या पलीकडे. वीस मीटर लॅनची वायर आणली, साडेचारशे रुपये, आणि कपड्यांच्या दोऱ्यांना समांतर गॅलरीतून नेली. त्या दिवशी मी चाळीसाठी एक दोरी नवी बांधली असा चाळीचा समज झाला, आणि तो समज मी सोडून सगळ्यांना आवडला. सामान एकसष्ट टक्के उतरलं असताना वायर धनुष्यासारखी ताणली आणि आप्पांच्या खोलीतून खळ्ळ आवाज आला. बाहेर येऊन बघतो तर सोळा नंबरच्या वहिनी एक सोलापुरी चादर, पिळून पिळून जेमतेम अर्धं पाणी निघालेली, वायरवर वाळत घालत होत्या.

‘वहिनी, यातून युनिक्स येतंय.’

‘येऊ दे हो. माझी चादर त्याला काही आडवी येत नाही.’

दुसऱ्यांदा शंभर टक्के झालं तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते. मग पासवर्ड. मी कळा दाबतोय आणि पडद्यावर काहीच उमटत नाहीये. टिंब नाही, फुली नाही. मला वाटलं कीबोर्ड गेला, म्हणून जोरात दाबल्या. मग आणखी जोरात. भाचा लोकलमधून फोनवर होता. तो म्हणाला, ‘मामा, तो दाखवत नाही. तसाच आहे तो. मुकाट्याने ऐकतो.’ त्याने ऐकलेलं सगळं आता माझा पासवर्ड आहे, आणि तो तीन वेळा लागोपाठ चुकवून चौथ्यांदा मला बरोबर येतो.

पण लॉगिन झालं! काळा पडदा आणि त्यावर एक डॉलरचं चिन्ह. पुढे एक पांढरा ठोकळा लुकलुकतोय. मी एक आज्ञा दिली. काहीच झालं नाही.

‘काही बोलत नाही रे.’

‘बोलत नाही म्हणजे काम झालं, मामा. बिघडलं तरच बोलतो.’

‘आमचे मामंजी,’ ही कपाळाला हात लावून म्हणाली. त्या रात्री मला गाढ झोप लागली. हिला लागली नव्हती, पण ते मला दोन दिवसांनी कळलं.

सकाळी चहा घेऊन बसलो, बटण दाबलं. ओळी सरासरा धावल्या आणि थबकल्या. रूट कुठेसं बसवायला गेलो, जमलं नाही. फेल्ड विथ एरर १९. आणि खाली, माउंटरूट>. पुढे तोच ठोकळा, लुकलुकणारा. काल तोच किती समजूतदार वाटत होता!

चाळीत एखाद्याच्या घरी काही बिघडलं की ते कळवावं लागत नाही. अर्ध्या तासात खोलीत सात माणसं होती आणि त्यांच्यात नऊ मतं होती. कोणी म्हणालं, बंद करून चालू करा. ते मी सहा वेळा केलं होतं, सातव्यांदा त्यांच्या समाधानासाठी केलं. कोणी म्हणालं, प्लगच्या पिना पेट्रोलने पुसा. एक जण म्हणाले, आता कशाला खर्च करता, नाहीतरी रीडेव्हलपमेंट येतेय. गेली सतरा वर्षं ते कुठल्याही प्रश्नावर हेच सांगतात. त्यांनी ह्याच कारणासाठी दात बसवले नाहीत. आप्पांनी मात्र सगळ्यांना हाताने थांबवलं.

‘आकडा काय म्हणालात?’

‘एकोणीस.’

आप्पा खुर्चीवर बसले. ‘शनीची महादशा. एकोणीस वर्षांची असते.’

खोलीत शांतता पसरली. मी भाच्याला फोन लावला. दादरला डोंबिवली फास्ट पकडायच्या गर्दीत तो होता, त्यामुळे निम्मं बोलणं त्याच्याशी आणि निम्मं त्याच्या आजूबाजूच्यांशी झालं. तेवढ्यात आप्पांनी फोन हातात घेऊन विचारलं, ‘ह्याचं आयुष्य किती?’ आणि त्या गाढवाने खरं सांगितलं. युनिक्सची कालगणना वेगळी. त्याचा शक सुरू होतो १ जानेवारी १९७०, ग्रिनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. तिथून तो एकेक सेकंद मोजत आलाय. बत्तीस बिटांत हा आकडा मावतो तो १९ जानेवारी २०३८ पर्यंत. त्या दिवशी सकाळी आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटं सात सेकंदांनी आमच्यासारख्या मशीनचं मोजमाप भरतं, आणि पुढच्या सेकंदाला ते एकदम १९०१ सालात जाऊन पडतं.

‘एकोणीस जानेवारी,’ आप्पांनी खिशातून पेन काढून कालनिर्णयच्या मागच्या बाजूला काहीतरी आकडेमोड केली. ‘वार मंगळवार येतो.’ मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी मृत्युपत्र केलंय का हे विचारायचं आहे पण चारचौघांत नको.

दोन दिवस गेले. भाच्याचा हेका एकच, ‘काल चालत होतं, आज चालत नाही, म्हणजे मामा, तुम्ही काहीतरी केलंत.’ मी काहीही केलं नव्हतं. म्हणजे रात्री एकदा झाकण उघडून फुंकर मारली होती. एक सुटा स्क्रू सापडला तो जिथे बसला तिथे बसवला होता. पण ह्याला काही केलं म्हणत नाहीत. शनिवारी हिच्या नकळत मारुतीला तेल घालून आलो. ही गोष्ट भाच्याला सांगू नये अशी वाचकांना विनंती आहे.

रविवारी तो व्हिडिओ कॉलवर आला. ‘मामा, त्या माउंटरूटपुढे फक्त प्रश्नचिन्ह टाका आणि एंटर मारा.’

हे मात्र मला आवडलं. आपल्याला काही कळत नाही हे एका चिन्हात कबूल करायची सोय मी दुसऱ्या कुठल्या यंत्रात पाहिलेली नाही. टाकलं. चार ओळी आल्या.

‘डिस्का किती दिसतात? एडीए-झीरो, एडीए-वन?’

‘एकच. झीरो.’

‘मामा, दोन होत्या. आपण युनिक्स दुसरीवर टाकलं. पहिलीवर फोटो होते, म्हणून तिला हात नाही लावला. पहिली कुठे गेली?’

मी कॅबिनेटमध्ये टॉर्च मारला. एका केबलचं तोंड रिकामं लोंबत होतं. आप्पा पुटपुटले, ‘शनी नेतो ते असंच नेतो.’

‘शनीने कशाला?’ ही पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली. ‘माझ्याकडे आहे ती.’

कोणीच काही बोललं नाही.

‘पोरीच्या शाळेपासूनचे फोटो आहेत त्यात. तिचं लग्न आहे. आठ दिवस बघतेय, रोज उठून तुम्ही काहीतरी पुसता. म्हटलं, एक रात्र ह्या माणसाचा काय भरवसा. तुम्ही घोरायला लागलात तशी काढून ठेवली.’

‘तुला काढता आली?’

‘दोन पिना ओढायच्या. मिक्सरचं भांडं बसवायला याहून अक्कल लागते.’

डिस्क गोदरेजच्या कपाटातून निघाली, पैठणीच्या घडीतून, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट. मग सगळा उलगडा झाला, आणि तो आप्पांना माझ्याआधी झाला, कारण हा शेवटी पोस्टाचाच प्रश्न होता. समजा, चाळीत पहिली खोली पाडली आणि दुसऱ्या खोलीला सगळे पहिली म्हणायला लागले. पण पोस्टमनच्या वहीत माणूस दुसऱ्याच खोलीत राहतो. तो दुसरी शोधतो, दुसरी नाहीच, म्हणून शेरा मारून पत्र परत. एरर एकोणीस म्हणजे तो शेरा, तिथे असलं कुठलं साधन नाही. माणूस मात्र शेजारच्या दारात उभा, पत्राची वाट बघत.

‘एवढंच?’ आप्पा म्हणाले. आवाजात किंचित निराशा होती. शनीचं एवढं मोठं प्रकरण दोन पिनांवर आलं होतं.

‘डिस्क परत लावू?’ मी विचारलं.

‘खबरदार,’ ही म्हणाली.

म्हणजे वहीतला पत्ता बदलणं आलं. ती वही म्हणजे एफएसटॅब नावाची फाइल, आणि ती उघडायला भाच्याने सांगितलं व्ही-आय. १९७६च्या सुमारास बर्कलीच्या बिल जॉय या विद्यार्थ्याने हा संपादक लिहिला. मी हयातीत जेवढे संपादक पाहिले त्यांच्याहून तो काही वेगळा निघाला नाही. आधी परवानगी घेतल्याशिवाय एक अक्षर लिहू देत नाही. लिहिलेलं समोर दिसत असलं तरी ते घेतलंय असं समजायचं नसतं. आणि त्याच्या खोलीतून बाहेर कसं पडायचं हे कोणी सांगत नाही. एकाच्या जागी शून्य, दोन ओळींत, एवढं काम. त्याला पाऊण तास लागला. त्यातली चाळीस मिनिटं बाहेर पडण्यात गेली. मध्ये एकदा मी ‘सोड मला’ असंही टाइप केलं, ते त्याने फाइलमध्ये नीट लिहून घेतलं.

मशीन सुरू झालं ते वसुबारसेच्या संध्याकाळी. दारात पणती, गॅलरीत कंदील आणि पडद्यावर डॉलरचं चिन्ह. ही हात पुसत आली.

‘आता हा काय करतो?’

इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी भाच्याने शिकवलेली एक सोपी आज्ञा दिली, कॅल. ऑक्टोबर महिन्याचं सुबक कॅलेंडर उमटलं. हिने ते बारकाईने पाहिलं.

‘यात एकादशी कुठे दिसते?’

‘एकादशी नाही यात.’

हिने काही न बोलता भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहिलं आणि चकल्यांकडे वळली. आप्पांना मात्र राहवेना. भाच्याने सांगून ठेवलं होतं, सप्टेंबर १७५२ बघा. बघितलं. एक, दोन आणि मग थेट चौदा. त्या महिन्यात इंग्रजांनी जुनी कालगणना सोडून नवी घेतली, तेव्हा मधले अकरा दिवस गाळून टाकले, आणि युनिक्सने ते इमानाने तसेच गाळलेत. आप्पा खुर्चीतून अर्धे उठले.

‘क्षयतिथी! सलग अकरा! आणि हे लोक आम्हाला हसतात?’

मी सहा तारखेपासून या मशीनपायी गेलेले दिवस बोटांवर मोजले आणि गप्प बसलो. आप्पा आता रोज सकाळी येतात, चहा घेतात आणि एकेका शतकाचा सप्टेंबर तपासतात. उरलेल्या सत्तेचाळीस सीड्या हिने सुतळीत ओवून आमच्या गॅलरीला लावल्या. उन्हं तिरकी झाली की खोलीभर प्रकाशाचे ठिपके नाचतात आणि कबुतरं ते बघायला येतात.

खर्चाचं मी पाडव्याला मांडलं. सीड्या सहाशे, लिहिणावळ नव्वद, बॅटरी चाळीस, वायर साडेचारशे, मेट्रो जाऊन-येऊन वीस, राखणदाराचा नारळ चाळीस. एकूण बाराशे चाळीस. त्याच दिवशी भंगारवाला परत आला. त्याने दारातूनच कॅबिनेटकडे पाहिलं, आत येऊन एका बाजूने उचलून बघितलं, पंख्यावर फुंकर मारली.

‘साफ केला वाटतं साहेब,’ तो म्हणाला. ‘बरं, एकशेसाठ देतो.’